लस घेतल्यावर मुलांना झटके आले तर या चुका टाळा

लस टोचून दोन-चार मिनिटं होतात न होतात तोच तेरा-चौदा वर्षांची मुलगी पांढरीफटक पडते, घामाघूम होऊन कोसळते आणि तिचे हातपाय झटकू लागतात. "फिट आली!" असा ओरडा होतो. या वयात ती बहुतेक वेळा साधी भोवळ असते. सुईच्या भीतीने किंवा वेदनेने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं, म्हणून झटके येतात. डोळे वर फिरणं, कपड्यांत लघवी होणं हे भोवळीतही घडतं. तेवढ्यावरून अपस्माराचा शिक्का मारू नका.

सर्वांत घातक चूक म्हणजे तिला उचलून खुर्चीत बसवणं. डोकं वर राहिलं की मेंदूकडे रक्त परतत नाही आणि झटके लांबतात. जिथे पडली तिथेच आडवी करा, पाय फूटभर उचलून धरा, कुशीवर वळवता येईल एवढी जागा ठेवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका.

घड्याळाकडे कुणी पाहत नाही, आणि नेमकी तीच माहिती डॉक्टरांना हवी असते. भोवळीतले झटके सहसा 15-20 सेकंदांत थांबतात आणि मूल लगेच भानावर येतं. खरी आकडी साधारण एक-दोन मिनिटं चालते, जिभेची कड चावली जाते, नंतर बराच वेळ गुंगी राहते. 5 मिनिटं उलटली किंवा शुद्ध न येता पुन्हा झटके आले, तर तातडीने रुग्णवाहिका बोलवा.

अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासात घरघर आणि नाडी वेगवान असेल तर ती तीव्र अॅलर्जी. इथे वाट पाहणं जिवावर बेततं. आरोग्य कर्मचाऱ्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत 1:1000 अॅड्रेनालिन द्यावं: किलोमागे 0.01 मिली, जास्तीत जास्त 0.5 मिली.

रांगेत उभ्यानेच लस देणं टाळा. बसवून किंवा झोपवून टोचा, नंतर 15 मिनिटं नजरेसमोर ठेवा. डोक्याला मार लागतो तो याच वेळात.

आधीपासून अपस्मार असलेल्या मुलाची लस परस्पर रद्द करू नका. त्या दिवशी त्याच्या गोळ्या आणि झोप चुकवू नका, ताप आल्यास उतरवा. पहिल्यांदाच झटके आलेल्या प्रत्येक मुलाला मात्र डॉक्टरांना दाखवा. पळताना-खेळताना पूर्वी भोवळ आली असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर हृदयाचा आलेख काढून घ्या.