कम्युनिटी कॉलेजातून यूसीत: हमीचा प्रवेश कसा मिळवावा

कॅलिफोर्नियातल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलाने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं की आईवडिलांचे चेहरे पडतात, मंडळाच्या कार्यक्रमात तो विषयच टाळला जातो. मला हे फार खटकतं. पहिली दोन वर्षं तिथे करून पुढे ट्रान्सफर होऊन सरकारी विद्यापीठात पोचायची, ही या राज्यातली रीतसर वाट आहे आणि तिच्यावर प्रवेशाची लेखी हमीसुद्धा मिळते. रहिवाशांना एका युनिटला (कोर्स मोजायच्या एककाला) ४६ डॉलर फी पडते, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची ६० युनिटं २,७६० डॉलरांत होतात. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, एका वर्षाचीच फी १४ हजारांच्या वर आहे. एच-४ व्हिसावरच्या (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या) मुलांनाही अटी पूर्ण केल्यावर रहिवाशांचा दर मिळू शकतो. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मात्र अनिवासी शुल्क भरावं लागतं आणि ते कित्येक पटींनी जास्त असतं. पण हमीसाठीचा अर्ज तेही करू शकतात.

आधी कोणती हमी हवी ते ठरवा

हमी दोन प्रकारची आहे. यूसीच्या हमीला सगळे ‘टॅग’ (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) म्हणतात. ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच कॅम्पसना मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तिच्यात नाहीत. तिथे अर्ज जरूर करावा, पण ती स्पर्धा आहे. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो, म्हणून निवड विचार करून करा.

दुसरी हमी कॅल स्टेटची, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट (दोन वर्षांची) पदवी सुरू झाली. ती घेतली की कॅल स्टेटमध्ये जागा नक्की मिळते, आणि पुढच्या ६० युनिटांत बॅचलर पदवी पूर्ण व्हावी अशी तिची आखणी असते. मात्र जागा हव्या त्याच कॅम्पसला, समजा सॅन होजेलाच, मिळेल, असा तिचा अर्थ नाही.

मग विषय, आणि विषयानुसार यादी

‘आधी जनरल कोर्स उरकू, मेजर (मुख्य विषय) नंतर बघू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सायन्स, इंजिनिअरिंग, इकॉनॉमिक्स घेणाऱ्यांना तो महागात पडतो. हमी कॅम्पसची असते तशीच मेजरचीही असते. काही मेजर हमीतून वगळलेली आहेत: सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात टॅग चालतच नाही आणि तिथलं कम्प्युटर सायन्स त्याच कॉलेजात येतं. प्रत्येक कॅम्पसच्या अटी आणि लागणारा जीपीए (ग्रेडची सरासरी) यूसीच्या टॅग तक्त्यात दर वर्षी छापतात. गेल्या वर्षीचा तक्ता वापरू नका.

आता असिस्ट डॉट ऑर्ग ही कोर्स जुळवून दाखवणारी वेबसाइट उघडा. वर्ष, तुमचं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की दोन रकाने दिसतात. एकात विद्यापीठाचा कोर्स असतो, त्याच्यासमोर तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा कोर्स. समोर काहीच जुळत नसेल तर तो कोर्स तुमच्या कॉलेजात मिळत नाही. शेजारच्या कॉलेजात शोधा. दोन कोर्सांच्या मध्ये ‘अँड’ लिहिलेलं असेल तर ते सगळे पूर्ण झाल्याशिवाय श्रेय मिळत नाही.

पोरं अडकतात ती नेमकी इथे. क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज क्वार्टरवर (वर्षात तीन सत्रं) चालतं, फ्रीमाँटचं ओलोनी सेमिस्टरवर (वर्षात दोन सत्रं). कॅल्क्युलसची सुरुवात एकीकडे केली आणि वेळ सोयीची म्हणून उरलेलं दुसरीकडे घेतलं, तर मधला एखादा भाग दोन्हीकडे निसटू शकतो. मालिका सुरू केली की ती त्याच कॉलेजात संपवा. नाइलाज असेल तर काउन्सेलरकडून लेखी खात्री करून घ्या.

तारखा

फॉलमध्ये (शरदातल्या सत्रात) ट्रान्सफर व्हायचं असेल तर टॅगचा अर्ज त्याच्या आदल्या वर्षीच्या १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा. तोवर साधारण ३० सेमिस्टर युनिटं, म्हणजे क्वार्टरच्या हिशेबाने ४५, हातात हवीत. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज जातो, आणि सगळी तयारी पहिल्या वर्षातच करावी लागते. इंग्रजी आणि गणित शेवटच्या सत्रावर ढकलू नका. ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगअखेर ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटं पूर्ण झाली पाहिजेत.

नोव्हेंबरात टॅगचा निकाल येतो. मंजूर झालं म्हणून निर्धास्त बसलेली मुलं असतात, पण टॅग म्हणजे प्रवेश नव्हे. यूसीचा नेहमीचा अर्ज त्याच हंगामात वेगळा भरायचा असतो, तोच कॅम्पस आणि तेच मेजर लिहून. तो चुकला तर हमी गेली. त्याच अर्जात बाकीचे कॅम्पसही टाकता येतात आणि टाकावेतच. टॅग नामंजूर झाला तरी त्या कॅम्पसकडे साधा अर्ज करता येतो.

आधी पुण्या-मुंबईत कॉलेज केलं असेल, एखाद्या विषयात नापास झाला असाल, तरी ते सगळं अर्जात लिहा. लपवलेलं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

जानेवारीत फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स यूसीच्या पोर्टलवर कळवायचे. मुदत बहुधा ३१ जानेवारी असते. कोर्स सोडायचा किंवा बदलायचा झाला तर त्याच दिवशी कॅम्पसला कळवा. निकाल एप्रिलअखेर लागतात, होकार १ जूनपर्यंत द्यायचा असतो आणि शेवटची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) जुलैच्या सुरुवातीला पोचावी लागते. ती तुम्ही शिकलेल्या प्रत्येक कॉलेजातून जाते, उन्हाळ्यात एकच कोर्स घेतलेल्या कॉलेजातूनसुद्धा.