एनटीपीला कुलूप लावताना या चुका टाळा

एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून संगणकांची घड्याळं जुळवायची पद्धत, आणि तिचं कुलूप म्हणजे वेळ खऱ्या सर्व्हरकडूनच आली का हे तपासणं. किल्ली केली म्हणजे कुलूप लागलं, असं समजणाऱ्यांची मला आता सवय झालीय. क्रोनी या एनटीपी चालवणाऱ्या प्रोग्रामच्या की-फाइलमध्ये किल्ली (पॅकेटांवर सही करायचा गुप्त शब्द) लिहितात, सर्व्हरवर तीच टाकतात, आणि क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हर’च्या ओळीत ‘की’ आणि तिचा नंबर लिहायचाच राहतो. मग काय होतं? काहीच नाही. घड्याळ छान जुळतं, एरर येत नाही, पॅकेटं बिनसहीची येत राहतात.

एका ऑफिसात वर्षभर हे असंच चाललं होतं. ऑडिटच्या कागदावर ‘ऑथेंटिकेशन आहे’ अशी टिकही होती. मी एका क्लायंटवरच्या किल्लीतलं एकच अक्षर बदललं आणि क्रोनी रीस्टार्ट केली. घड्याळ तरीही जुळलेलंच! खोलीत कुणी बोलेना. तेव्हापासून नवी किल्ली बसवली की आधी ती बिघडवून बघतो. घड्याळ जुळायचं थांबलं तरच किल्ली खरी. घाई असेल तर निदान ‘क्रोनीसी ऑथडेटा’ ही कमांड चालवा. मोडच्या रकान्यात ‘एसके’ (किल्लीची सही) किंवा ‘एनटीएस’ (सर्टिफिकेटवर चालणारी पद्धत) हवं; नुसती आडवी रेघ दिसली तर सही तपासली जातच नाहीये.

एनटीपीडी या जुन्या एनटीपी प्रोग्राममध्ये ‘ट्रस्टेडकी’ची, म्हणजे कोणत्या किल्ल्यांवर विश्वास ठेवायचा ती, ओळ विसरू नका. ऑटोकी या त्यातल्या जुन्या सही-पद्धतीच्या वाटेला तर जाऊच नका.

एनटीएसमध्ये घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायला आपल्या घड्याळात वेळ बरोबर असावी लागते, आणि ती वेळ तर त्याच सर्व्हरकडून आणायची आहे. बोर्डाची बॅटरी मेलेली, मशीन कुठल्यातरी जुन्या सालात उठतं, सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं. इथे उतावळे लोक ‘नोसर्टटाइमचेक’ला (किती वेळा घड्याळ जुळेपर्यंत सर्टिफिकेटची मुदत बघायची नाही, ती सेटिंग) भलामोठा आकडा देऊन मोकळे होतात, म्हणजे मुदत संपलेलं सर्टिफिकेटही कितीतरी वेळ चालून जाणार. द्यायचंच तर १ द्या, पहिल्यांदा घड्याळ लागेपर्यंतच सूट. मी त्याआधी बॅटरी बदलतो. आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ या वेळेच्या पॅकेटांच्या पोर्टसोबत टीसीपी ४४६० हे पोर्टही उघडा, नाहीतर किल्ल्यांची देवाणघेवाणच होणार नाही.

सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या ‘अलाउ’ ओळीला ऑथेंटिकेशन समजू नका. ती फक्त पत्ता बघून दिलेली परवानगी आहे, आणि यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. ‘अलाउ ऑल’ लिहून इंटरनेटवर सोडलेले सर्व्हर मी पाहिलेत. विचारलं तर उत्तर तेच, ‘टेस्टिंगपुरतं होतं’.