जपानमधल्या खुनाची बातमी कशी वाचायची, म्हणजे कलम कुठलं आणि शिक्षेचा हिशोब कसा

जपानी क्राइमच्या बातम्या फॉलो करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की अरे याने माणूस मारला आणि याला अडीच वर्षं, ती पण स्थगित, आणि त्या दुसऱ्याला डायरेक्ट फाशी, हा काय प्रकार आहे? प्रकार असा आहे की दोघांना लागलेलं कलम बऱ्याचदा एकच असतं. खेळ सगळा हिशोबाचा आहे, आणि तो एकदा जमला की निकाल येण्याआधीच तुम्हाला साधारण अंदाज येतो.

तर आधी आपल्या जुन्या आयपीसीतलं ते ३०२ विरुद्ध ३०४ आणि सिनेमातलं फर्स्ट डिग्री-सेकंड डिग्री डोक्यातून काढून टाका. जपानचं पीनल कोड १९०७ चं, १९०८ पासून लागू, आणि त्यात खुनाचं मेन कलम १९९, जेमतेम एका ओळीचं: माणूस मारला तर फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी ५ वर्षं कैद. बास. प्लॅन करून मारला की भांडणात डोकं फिरलं म्हणून मारला, यासाठी वेगळी कलमं नाहीतच, ते सगळं शिक्षा ठरवताना बघतात. मुदतीची कैद जास्तीत जास्त २० वर्षं, आणि बाकीचे गुन्हे जोडले गेले तर ३० पर्यंत जाते. जुनी केस वाचत असाल तर तारीख नक्की बघा, कारण २००५ च्या आधी हा किमान आकडा ५ नाही, ३ होता. आणि जून २०२५ पासून सक्तमजुरी (चोएकि) आणि साधी कैद (किन्को) हे दोन्ही जाऊन कोकिनकेइ नावाची एकच कैद आलीये, त्यामुळे नवीन बातम्यांत हा शब्द दिसला तर दचकू नका.

आता बातमीतला आरोपाचा शब्द पकडा. सात्सुजिन म्हणजे खून, कलम १९९. शोगाइ चिशी म्हणजे मारहाण केली आणि त्यात माणूस गेला, कलम २०५, किमान ३ वर्षं, इथे फाशी-जन्मठेप नाही. या दोघांतला फरक एकच, सात्सुइ, म्हणजे मारायचा इरादा. आरोपी तर काय, मला मारायचं नव्हतं असंच म्हणणार, मग कोर्ट बघतं की हत्यार काय होतं, पातं किती लांब, वार मांडीवर की छातीत, किती वेळा, किती जोरात, आणि नंतर याने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली का तिथून पळ काढला. 'मेला तर मेला' एवढं मनात असलं तरी इरादा धरतात, त्याला मिहित्सु नो कोइ म्हणतात, निकालांत हा शब्द सारखा येतो. नुसत्या निष्काळजीपणाने कोणी गेलं तर कलम २१० खाली फक्त दंड, ५ लाख येनपर्यंत, आणि कामाच्या जबाबदारीतला निष्काळजीपणा असेल तर २११, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड. गाडीखाली माणूस गेला तर त्याला २०१४ पासून वेगळाच कायदा आहे, ते इथे मिसळू नका.

अजून एक शब्द आहे जो नवख्यांना हमखास फसवतो, शिताइ इकी, म्हणजे प्रेत टाकून देणं, शिक्षा फक्त ३ वर्षांपर्यंत. खुनाच्या केसमध्ये पहिली अटक खूपदा याच्यावरच होते आणि लोक म्हणतात की बघा, पोलिसांनी केस हलकी केली. तसं नसतं हो. एका अटकेवर चार्जशीटच्या आधी जास्तीत जास्त २३ दिवस ठेवता येतं (पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४ तास, मग १० अधिक १० दिवस), तेवढ्यात पुरावा गोळा करायचा आणि मग खुनासाठी पुन्हा अटक, साइताइहो, की घड्याळ परत शून्यापासून. वकील मंडळी यावर चिडतात आणि मला विचाराल तर बरोबर चिडतात.

आता मेन हिशोब. मुदतीची कैद एकदा कमी झाली की आकडा निम्मा होतो. जन्मठेप कमी झाली तर ७ वर्षं किंवा जास्त, फाशी कमी झाली तर जन्मठेप किंवा कमीत कमी १० वर्षं. कमी करायची कारणं म्हणजे मानसिक स्थिती पूर्ण ताळ्यावर नसणं (यात कमी करावीच लागते), प्रयत्न फसणं, मर्यादा ओलांडलेला स्वबचाव, गुन्हा उघड व्हायच्या आधी स्वतः हजर होणं, आणि याच्यावर जजला परिस्थिती बघून एक जास्तीची सूट देता येते. आणि शिक्षा ३ वर्षं किंवा त्याच्या आत आली की ती स्थगित करता येते, याला शिक्को युयो म्हणतात. म्हणजे ५ चे झाले अडीच, आणि अडीच तीनच्या आत. कलम १९९ लागूनसुद्धा माणूस घरी जाऊ शकतो तो असा.

हे सगळ्यात नीट कळतं ते तोचिगी प्रांतातल्या एका जुन्या केसमध्ये. पूर्वी आई-बाप, आजी-आजोबा यांच्या खुनाला वेगळं कलम २०० होतं, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, तिसरा पर्याय नाही. १९६८ मध्ये एका बाईने स्वतःच्या बापाला मारलं, ज्याने तिच्यावर ती चौदा वर्षांची असल्यापासून अत्याचार केले होते, त्याच्यापासून तिला मुलंही झाली होती. आता मांडा हिशोब: जन्मठेप, मानसिक स्थितीमुळे कमी करून ७, जजची सूट देऊन साडेतीन. संपल्या सवलती. साडेतीन म्हणजे तीनच्या वर, म्हणजे स्थगिती नाही, जेलच. टोकियो हायकोर्टाने खरंच साडेतीनच दिली. शेवटी ४ एप्रिल १९७३ ला सुप्रीम कोर्टाने १४ विरुद्ध १ मतांनी कलम २०० घटनाबाह्य ठरवलं, तिला कलम १९९ लावून अडीच वर्षं आणि ती ३ वर्षांसाठी स्थगित. फक्त सहा महिन्यांच्या फरकासाठी एक कलम उडालं, आणि गंमत म्हणजे पुस्तकातून ते पुसलं गेलं थेट १९९५ मध्ये.

समोरच्याच्या संमतीने मारलं किंवा आत्महत्येला मदत केली तर ते १९९ मध्ये येतच नाही, कलम २०२, ६ महिने ते ७ वर्षं. म्हाताऱ्या आजारी आई-वडिलांची सेवा करून थकलेल्या मुलांच्या केसेस कधीकधी इथे येतात. क्योतोमध्ये २००६ साली डिमेन्शिया झालेल्या आईला मारणाऱ्या मुलाला याच कलमाखाली अडीच वर्षं स्थगित शिक्षा झाली होती.

दुसऱ्या टोकाला फाशी. लुटीत माणूस गेला तर कलम २४० बघा, तिथे फाशी किंवा जन्मठेप एवढंच. बाकी फाशी द्यायची की नाही हे सुप्रीम कोर्टाच्या १९८३ च्या नागायामा (आरोपीचं नाव) निकालातल्या नऊ मुद्द्यांवर ठरतं: गुन्ह्याचं स्वरूप, हेतू, पद्धत किती क्रूर, किती जण गेले, घरच्यांच्या भावना, समाजावर परिणाम, आरोपीचं वय, आधीचं रेकॉर्ड, नंतरचं वागणं. यातला मेलेल्यांचा आकडा सगळ्यात जड पडतो. गुन्ह्याच्या वेळी वय १८ च्या खाली असेल तर फाशी नाही, १४ च्या खाली असेल तर शिक्षाच नाही. आणि २००९ पासून अशा केसेसमध्ये ३ जज आणि ६ साधे नागरिक एकत्र बसून निकाल देतात. सरकारी वकिलाने मागितलेली शिक्षा (क्यूकेइ) बातमीत आली की तो आकडा लिहून ठेवा आणि निकालाशी ताडून बघा.

शेवटचं, केस किती जुनी आहे ते. १९९५ च्या खुनाला खटला भरायची मुदत होती १५ वर्षांची, २००५ पासूनच्या गुन्ह्यांना २५ झाली, आणि २७ एप्रिल २०१० ला ही मुदतच रद्द केली, म्हणजे आता असा खून कितीही वर्षांनी उकरता येतो. कायदा संसदेत पास झाला त्याच दिवशी लागू पण केला, कारण ओकायामाच्या कुराशिकीमध्ये १९९५ साली मारल्या गेलेल्या एका जोडप्याच्या केसची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती.