या चुका टाळा: एचडीएल पॅकेज मॅनेजर वापरताना

एचडीएल म्हणजे चिपचं सर्किट कोडमध्ये लिहायच्या भाषा, जशा व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल. त्यातला दुसऱ्यांचा तयार कोड आणून देणारं फ्यूजसॉक किंवा बेंडर बसवलं, दोन कमांड चालल्या, हव्या त्या रिपॉझिटरी उतरल्या की नवख्याला वाटतं, झालं काम. नाही झालं. टूल फाइल्स आणतं, कोणाला काय लागतं ते जुळवतं आणि यादी सिम्युलेटरच्या (डिझाइन कॉम्प्युटरवर चालवून बघणाऱ्या टूलच्या) हाती देतं. त्या फाइल्सच्या पोटात काय आहे, ते बघणं तुमच्याकडेच राहतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक नावांची. फ्यूजसॉकमध्ये प्रत्येक कोअरला, म्हणजे तयार पॅकेजला, वेंडर, लायब्ररी, नाव आणि आवृत्ती असं चार भागांचं नाव असतं. ही पद्धत आयपी-एक्सॅक्टची, म्हणजे आयईईई 1685 ची. त्यामुळे दोन कोअर एकमेकांत मिसळत नाहीत. पण आतल्या व्हेरिलॉग मॉड्यूलला यातलं काहीच माहीत नसतं. मॉड्यूलची नावं सगळ्या डिझाइनला मिळून एकाच यादीत जातात.

एका प्रोजेक्टमध्ये नव्याने आलेल्या मुलाने सिरियल पोर्टसाठी एक तयार कोअर जोडला. त्यात ‘फिफो’ (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग) नावाचं मॉड्यूल होतं. दुसऱ्या एका डिपेंडन्सीतही ‘फिफो’च होतं, पोर्ट तेच, पॅरामीटरही तेच. फरक एवढाच, की एकात डेटा आधीपासून आउटपुटवर हजर असायचा, दुसऱ्यात रीड दिल्यावर पुढच्या क्लॉकला यायचा. सिम्युलेटरने एक उचललं, सिंथेसिसने, म्हणजे कोडचं खरं सर्किट बनवणाऱ्या टूलने, दुसरं. सिम्युलेशन हिरवंगार, आणि बोर्डवर प्रत्येक बाइट एक घर मागे. मग टायमिंगवर संशय, रिसेटवर संशय, क्लॉक डोमेनवर संशय, चिपमध्ये लॉजिक अ‍ॅनालायझर घालून झाला. उत्तर सिंथेसिसच्या लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होतं: मॉड्यूल पुन्हा डिफाइन झाल्याची एका ओळीची वॉर्निंग. वॉर्निंग वाचायला कोणाला वेळ नसतो, बोर्डशी झटायला मात्र असतो.

माझी सवय साधी आहे. नवी डिपेंडन्सी जोडली की टूलकडून अंतिम फाइल-यादी काढायची, त्यातली सगळी मॉड्यूल-नावं ग्रेपने (मजकूर शोधायच्या कमांडने) उचलायची, सॉर्ट करायची आणि दोनदा आलेलं नाव शोधायचं. स्वतःच्या प्रत्येक मॉड्यूलला कोअरचा उपसर्ग लावायचा. पल्प या ओपन-सोर्स चिप प्रकल्पाच्या ‘कॉमन_सेल्स’मध्ये ‘फिफो_व्ही3’ असं नाव दिसतं तेव्हा लोक नाक मुरडतात. मला ते शहाणपणाचं वाटतं. व्हीएचडीएलवाल्यांना वेगळ्या लायब्ररीची सोय आहे, फ्यूजसॉकमध्ये त्यासाठी ‘लॉजिकल_नेम’ही आहे, तरी सगळं ‘वर्क’ या डिफॉल्ट लायब्ररीमध्ये कोंबणारेच जास्त.

याच कारणाने एका पॅकेजच्या दोन आवृत्त्या एका डिझाइनमध्ये नांदत नाहीत. सॉफ्टवेअरकडून आलेल्यांना हे पटत नाही. एकाला 1.x हवी, दुसऱ्याला 2.x, आणि बेंडर अडून बसलं, की ते ओव्हरराइड (हीच आवृत्ती घे, असा हुकूम) टाकून त्याचं तोंड बंद करतात. बेंडर बरोबर होतं. 2.x मध्ये काय बदललं ते वाचा, जुनं पॅकेज नव्यावर आणा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

‘बेंडर.लॉक’, म्हणजे कुठल्या डिपेंडन्सीची नेमकी कोणती आवृत्ती घेतली याची नोंद, गिटइग्नोरमध्ये टाकू नका. कमिट करा. डिपेंडन्सीला ब्रांच देऊन ठेवली आणि लॉक फाइल नाही, म्हणजे आज सिम्युलेट केलेलं डिझाइन आणि महिन्याने सिंथेसाइझ केलेलं डिझाइन एकच आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन कारखान्यात पाठवण्याच्या, आधी सहज म्हणून ‘अपडेट’ चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त कमिट परतवतो.

फ्यूजसॉकमध्ये एकच कोअर दोन लायब्ररींत (इथे, कोअर ठेवायच्या जागांत) सापडला तर नंतरची लायब्ररी जिंकते. लोकल कॉपी दुरुस्त करूनही बदल दिसत नसेल, तर आधी ‘फ्यूजसॉक.कॉन्फ’मधला क्रम बघा.

हेडर फाइलला ‘इज_इन्क्लूड_फाइल’ लावा. टेस्टबेंच (चाचणीचा कोड) आरटीएलच्या (खऱ्या डिझाइनच्या) फाइलसेटमध्ये ठेवू नका. सिस्टिमव्हेरिलॉगचं पॅकेज, ते वापरणाऱ्या फाइलच्या आधी लिहा. फाइलच्या सुरुवातीला ‘डिफॉल्ट_नेटटाइप नन’ (जाहीर न केलेल्या वायरला मनाई) केलंत तर शेवटी ‘वायर’ करा, नाहीतर पुढची फाइल दुसऱ्याची असते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

आणि ‘.बेंडर’ फोल्डरमध्ये शिरून उतरवलेला कोड हाताने बदलू नका. पुढच्या चेकआउटमध्ये तो बदल टिकेलच याची खात्री नाही, आणि तुमच्या मशीनबाहेर तर तो कोणाकडेच नसतो. त्यासाठी ‘बेंडर क्लोन’ आहे: वेगळी कॉपी काढून देतं, ओव्हरराइडची नोंद ‘बेंडर.लोकल’मध्ये स्वतःच करतं. बदल मूळ रिपॉझिटरीत गेला की ती नोंद काढून टाका.