‘पित्ताची गोळी’ नेमकी कोणती? स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात या चुका टाळा

सदाशिव पेठेत औषधांच्या दुकानात मी काउंटरवर उभी असते. "आणखी कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही हो, एक पित्ताची गोळी फक्त."

आता पित्त कोणतं? अंगावर गांधी उठतात तेही पित्त आणि घशाशी आंबट येतं तेही पित्तच. दोन्हींत हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाचा हात असतो, पण ते पेशीवर जिथे येऊन बसतं ते रिसेप्टर वेगळे. गांधी उठतात त्या एच1 मुळे, पोटातलं आम्ल वाढतं ते एच2 मुळे. सेट्रिझिन पहिल्याला अडवते, फॅमोटिडिन दुसऱ्याला. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटने नुसतं ‘पित्ताची गोळी’ सांगितलं तर डॉक्टरांना निम्मीच माहिती मिळते. नेराटिनिब ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी चालू असेल तर ती फॅमोटिडिनच्या पुढच्या डोसआधी किमान 2 तास किंवा डोसनंतर 10 तासांनी घ्यायची असते, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ती नीट शोषली जात नाही. सुट्या गोळ्या घेतल्या की स्ट्रिपचा नाव असलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो. नाव लिहून मागा, आम्ही देतो.

दुसरी चूक फोनवरून येते. "अ‍ॅलर्जीच्या गोळीने कॅन्सर बरा होतो" असा मेसेज दाखवत एक ताई सेट्रिझिनची तीन पाकिटं मागत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. बहिणीसाठी धडपडत होत्या बिचाऱ्या. मेसेजमागे खरं संशोधन आहे, म्हणूनच तो फसवतो. गाठीतल्या मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचा एच1 चेतवला गेला की कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशी ढिल्या पडतात आणि तो अडवला तर उंदरांमध्ये इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) जास्त चालते, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. स्वीडनमधल्या नोंदींत डेसलोराटाडिन आणि काही अंशी लोराटाडिन या एच1 अडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या स्तन-कॅन्सरच्या स्त्रिया जास्त काळ जगल्याचं दिसलं. पण त्या जुन्या नोंदी आहेत, औषध देऊन केलेली चाचणी नव्हे. शिवाय एच4 या हिस्टामिनच्याच आणखी एका रिसेप्टरची गोष्ट उलटीच आहे. ट्रिपल निगेटिव्ह या स्तन-कॅन्सरच्या एका प्रकारातल्या गाठींच्या प्रयोगांत तो चेतवल्यावर उंदरांमधली वाढ मंदावली. एक अडवायचा, दुसरा चेतवायचा, मग सरसकट ‘हिस्टामिन बंद करा’ कुठे बसतं? पावसाळ्यानंतर गाजरगवताने शिंका सुरू झाल्या तर डॉक्टरांना विचारून गोळी जरूर घ्या. ती शिंकांसाठी.

तिसऱ्या चुकीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकातून देतात. त्या द्रावकाने शरीरातल्या मास्ट पेशी (हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी) एकदम हिस्टामिन सोडू शकतात. मग सलाईन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होतो, छाती आवळते, बीपी उतरतं. म्हणून आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अ‍ॅव्हिलसारखं एच1 रोखणारं आणि फॅमोटिडिनसारखं एच2 रोखणारं औषध देतात. काही जणींना डेक्सामेथासोनच्या गोळ्या आदल्या रात्री आणि पहाटे घरीच घ्यायच्या असतात. "शुगर वाढते" म्हणून त्या परस्पर गाळणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. शुगर वाढते हे खरंच आहे. पण तो फोन आदल्या दिवशी डॉक्टरांना करायचा. आणि राहिलीच गोळी, तर सलाईन लावण्याआधी नर्सला स्पष्ट सांगा, कोणी रागावणार नाही. सलाईन चालू असताना घसा खाजला, पाठीत कळ आली तरी लगेच हाक मारा.

हिस्टामिन नको म्हणून दही, इडली, ताक असे आंबवलेले पदार्थ सोडणं, ही आणखी एक चूक. त्याने गाठ आटते याला पुरावा नाही, आणि केमोत खाणं आधीच कमी झालेलं असतं.

टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरच्या गोळीवर असाल तर खोकल्याचं औषध मनाने आणून रोज घेऊ नका. काहींत डायफेनहायड्रॅमिन हे एच1 रोखणारं औषध असतं आणि टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप ज्या एन्झाइममुळे तयार होतं, त्यालाच ते अडवतं. बाटली काउंटरवर आणा, आपण लेबल एकत्र वाचू.

आणि केमोच्या दिवशी स्वतःची स्कूटर नेऊ नका. अ‍ॅव्हिलची गुंगी घरी परततानाही असते. येताना रिक्षा करा, सोबत कोणीतरी घ्या.