जुन्या फ्रेंच ट्रंकेचं साल कसं काढायचं

लुई व्हितोंची जुनी ट्रंक समोर आली की बहुतेक जण झाकण उघडून आधी लेबल वाचतात. लेबल शेवटी वाचा. कागदच तो, एका पेटीतून सोडवून दुसरीत सहज चिकटवता येतो. आकार, कापड, धातू, कुलूप असं बाहेरून आत जा. प्रत्येक खुणेवरून 'याच्या आधीची नाही' एवढं कळतं. त्यांतली सर्वांत अलीकडची मूळ खूण धरायची.

पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून पूर्वी ट्रंकांची झाकणं फुगीर असत. व्हितों यांनी १८५४ मध्ये पॅरिसला दुकान काढलं आणि १८५८ मध्ये सपाट झाकणाची, एकावर एक रचता येणारी ट्रंक आणली. सांगाडा हलक्या पॉप्लर लाकडाचा, वर खळीने चिकटवलेलं करडं कॅनव्हास. पॅरिसच्याच मुआना या दुसऱ्या कंपनीच्या ट्रंकेचा तळ मात्र आत वळलेला दिसला, तर लाकूड वाकलंय असं समजू नका. मोटारीच्या टपावर नीट बसावी म्हणून १९०२ पासून ते मुद्दाम तसा करत.

खरी माहिती कापडात असते. व्हितोंचं करडं कापड इतरांनी उचललं, म्हणून १८७२ मध्ये पट्ट्यांचं आलं. त्याचीही नक्कल झाली, म्हणून १८८८ मध्ये चौकटींचं दामिए आलं. त्याच्या काही चौकटींत नोंदणीकृत चिन्हाची फ्रेंच ओळ असते. तरी नकला थांबेनात, तेव्हा १८९६ मध्ये मुलगा जॉर्ज यांनी एल-व्ही अक्षरांचं मोनोग्राम काढलं. मोनोग्राम दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. सुरुवातीच्या वर्षांतलं कापड विणलेलं, त्यामुळे रंग धाग्यातच असतो. नंतरच्या छाप्याच्या कापडावर तो धाग्यांवर बसलेला दिसतो. पृष्ठभाग प्लास्टिकसारखा एकसारखा गुळगुळीत असेल आणि विकणारा १९२० सांगत असेल, तर कापड नंतर चढवलेलं आहे. गोयार ही पॅरिसची आणखी एक ट्रंका बनवणारी कंपनी. तिचं ठिपक्यांचं कापड १८९२ चं. त्या ठिपक्यांच्या नक्षीत गोयार हे नाव शोधा.

धातूला लोहचुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही, पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. पण एवढ्यावरून ट्रंक खोटी ठरवू नका, कारण सुरुवातीच्या ट्रंकांना लोखंडी पट्ट्याच असत. एका कोपऱ्यावर पितळ आणि दुसऱ्यावर लोखंड निघालं, तर मात्र दुरुस्ती झालेली आहे.

कुलपाच्या क्रमांकावरून फार घोळ होतो. व्हितोंचं न फोडता येणारं कुलूप १८९० चं. एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या ट्रंका एकाच किल्लीने उघडाव्यात अशी सोय होती, म्हणून दोन ट्रंकांच्या कुलपांवर एकच क्रमांक असला तरी बिघडत नाही. लेबलावरचा क्रमांक त्या एका ट्रंकेचा असतो. तो दोन ठिकाणी सापडला तर शंका घ्या.

आता लेबल. त्यावरचे लंडनचे पत्ते फार उपयोगी पडतात: ऑक्सफर्ड स्ट्रीट १८८५ पासून, स्ट्रँड १८८९ पासून, न्यू बाँड स्ट्रीट १९०० पासून. पॅरिसचा शाँझेलिझेचा पत्ता १९१४ च्या आधीचा नसतो. समजा लेबल ऑक्सफर्ड स्ट्रीटचं आहे आणि कापड मोनोग्राम. लंडनचं दुकान तिथून हललं तेव्हा मोनोग्राम जन्मायला सात वर्षं होती. म्हणजे लेबल तरी बाहेरून आलंय, नाहीतर कापड बदललंय. लेबलाच्या कडेने अस्तराचा रंग बघा. जुन्या, मोठ्या लेबलाची वेगळ्या रंगाची चौकट डोकावत असेल तर उत्तर मिळालंच.

आतले विचित्र कप्पे मोडतोड समजून काढून टाकू नका. या ट्रंका मागणीप्रमाणे बनत. बडोद्याच्या महाराजांसाठी व्हितोंनी १९२६ मध्ये फक्त चहाच्या सामानाची ट्रंक केली होती. कप्पे गेले की ट्रंकेचा अर्धा इतिहास जातो.

साफ करताना ओलं फडकं अजिबात नको. पाण्याने खळ सुटते आणि कापडाला फुगे येतात. मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा. पितळेला पॉलिश लावायचंच असेल तर भोवतीच्या कापडावर जाड कागद सरकवून मगच लावा, नाहीतर कडेने पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही. खळ पिठाची, म्हणून कसर लागते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही. ट्रंक भिंतीपासून चार बोटं दूर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कोरड्या दिवशी झाकण उघडून सावलीत वारा द्या. उन्हात ठेवलीत तर लाकूड आकसतं आणि सांध्यावर कापड फाटतं.