भाजीचे देठ, सालं आणि पानं यकृतासाठी कशी वापरावीत

फ्लॉवर चिरून झाला की ओट्यावर काय उरतं बघा: बाहेरची जाड पानं, मधला दांडा, तुऱ्यांच्या खालचे देठ. हे सगळं बहुतेक घरांत थेट केरात जातं. खाण्याजोगा आणि तंतूंनी भरलेला भाग असा फुकट घालवायचं काही कारण नाही, विशेषतः यकृताची काळजी वाटू लागली असेल तर.

पण आधी एक गैरसमज दूर करू. यकृत ‘साफ’ करणारा रस अस्तित्वात नाही. साधारण सव्वा ते दीड किलोचा हा अवयव औषधं, दारू आणि शरीरातली टाकाऊ द्रव्यं मोडीत काढायचं काम स्वतःच करत असतो. त्याला वरून धुवायला कुणी लागत नाही. आपल्या हातात आहे ते त्याच्यावर चरबीचा बोजा चढू न देणं. यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, आणि दारू न पिणाऱ्यांनाही ते सर्रास होतं.

यात देठा-सालींचा संबंध येतो तो आतड्यातून. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून, म्हणजे मुख्यतः आतड्याकडून येतं. त्यामुळे आतड्यात जे घडतं त्याची झळ किंवा लाभ सगळ्यात आधी यकृताला. भाजीतले तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातले काही खातात आणि त्यातून शरीराला उपयोगी अशी मेदाम्लं तयार होतात. काही तंतू पित्ताम्लांना धरून बाहेर घेऊन जातात, मग नवं पित्त करायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. देठ आणि सालं या हिशेबात चांगलीच भर घालतात.

पहिली पायरी: काय ठेवायचं, काय टाकायचं

इथे घाई नको. ‘वाया जाणारा भाग’ म्हणजे ताजा पण सवयीने टाकला जाणारा भाग. सडलेलं, बुळबुळीत झालेलं, आंबूस वास येणारं काहीही यात बसत नाही. मऊ भाजीवर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नका, तिचे धागे आत शिरलेले असतात.

ठेवण्याजोगं: फ्लॉवर, कोबी आणि ब्रोकोलीचे दांडे व पानं, बीट आणि मुळ्याचा पाला, गाजराचा कोवळा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, पालकाचे देठ, लाल भोपळ्याची साल आणि बिया, कांद्याचे बाहेरचे रसदार पदर. हे पदर सोलताना आपण उगाच दोन-तीन जास्तच काढतो. क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट आतल्यापेक्षा बाहेरच्या पदरांत जास्त असतं, तेव्हा वाळलेला कागदी पापुद्रा निघाला की थांबा.

टाकायचंच: बटाट्याचा हिरवा पडलेला भाग आणि मोड. त्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य शिजवून जात नाही. बटाटा, टोमॅटो आणि वांग्याच्या झाडाची पानंही खायची नसतात. दुधी, काकडी, दोडका या कुळातली एखादी भाजी कडू लागली तर ती साल-बियांसकट फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. रस काढण्याआधी तुकडा जिभेला लावून बघायचा आणि कडवट लागला तर थुंकून टाकायचा, ही सवय लावून घ्या. (कारलं मुळातच कडू, त्याची गोष्ट वेगळी.)

दुसरी पायरी: धुणं

कीटकनाशकांचे अंश सालीवरच जास्त असतात, म्हणून साल खायची तर धुण्यात कुचराई चालत नाही. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, कडक सालीला ब्रश वापरा. साबण नको, भाजी तो शोषून घेते. पाल्याभाज्यांच्या देठाच्या बुडाशी माती अडकते. जुडी सोडवून पातेलंभर पाण्यात बुडवा, माती तळाला बसू द्या आणि भाजी वरून उचला. सगळं पाणी चाळणीत ओतलंत तर तीच माती परत भाजीवर येते. मेणाचा थर दिलेली चकचकीत साल मी तरी सोलूनच टाकेन.

तिसरी पायरी: चिरणं आणि शिजवणं

ब्रोकोलीचा दांडा घ्या. बुडाचा वाळका भाग बोटभर कापून टाका आणि कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. कडेने पांढरट, चिवट कडं दिसेल आणि आत ओलसर, फिकट हिरवा गर. सुरीचं टोक त्या कड्याखाली घालून अंगठ्याने साल दाबून धरा आणि वर ओढा. ती लांब पट्टीत सुटून येते. उरलेला गर काकडीसारखा कुरकुरीत असतो. पातळ चकत्या करा. फ्लॉवरचा आणि कोबीचा दांडा असाच हाताळायचा. कोवळा की जून हे कळत नसेल तर नख लावून बघा. नख रुतलं नाही तर तो तुकडा सूपच्या पातेल्यात.

या कुळातल्या भाज्या चिरल्यावर त्यांच्यात सल्फोराफेन तयार होतं. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत हे द्रव्य पेशींमधली संरक्षक विकरं (एन्झाइम) जागी करताना दिसलं आहे. ते तयार होण्यासाठी भाजीतलंच एक विकर लागतं आणि कडक आचेवर ते निकामी होतं. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, मग थोडक्या वाफेवर शिजवा. तेवढा वेळ नसेल तर शिजलेल्या भाजीवर चिमूटभर मोहरीची पूड भुरभुरा. तिच्यात तेच विकर असतं.

पाल्याचे देठ आधी, पानं नंतर पातेल्यात टाका, म्हणजे पानांचा लगदा होत नाही. बिटाच्या पाल्यात ऑक्झलेट, म्हणजे मूतखड्याला हातभार लावणारं द्रव्य, बरंच असतं. तो उकळून पाणी टाकून दिलं की ते कमी होतं. लाल भोपळा सालीसकट शिजतो, साल मऊ होते. बिया धुऊन, वाळवून कोरड्या भाजा, पण मूठभरच खा, त्यांत तेल भरपूर असतं.

चौथी पायरी: जून भागांचं पाणी

निबर देठ, कांद्याचे पापुद्रे, गाजराची टोकं फ्रीजरमध्ये डब्यात साठवा. डबा भरला की पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद उकळून गाळा. कोबी-फ्लॉवरचे तुकडे शेवटच्या दहा मिनिटांतच घाला, नाहीतर उग्र वास सुटतो. हे पाणी सूपला चव देतं, त्यामुळे मीठ कमी लागतं. तंतू मात्र गाळणीत राहिले, तेव्हा नुसतं हे पाणी पिऊन यकृताचं काही साधलं असं समजू नका. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा.

गाळून घेतलेल्या रसांचंही तेच. चोथा टाकून रस पिणं म्हणजे जे हवं होतं तेच फेकून देणं.

पाचवी पायरी: ताटात जागा करणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि हीच बहुतेक जण गाळतात. नेहमीच्या जेवणावर वरून देठ खाल्ले तर फारसा फरक पडत नाही. त्यांनी कशाची तरी जागा घ्यायला हवी: भाताचा एक वाढा, पाव, तळलेलं काही. फॅटी लिव्हर असलेल्या जाड माणसाने वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर यकृतातली चरबी आणि सूज कमी होते. ९० किलोच्या माणसाला हे साधारण सव्वासहा ते नऊ किलो झालं. बटाट्याची सालं तळून कुरकुरीत केलीत तर कचरा वाचला, बाकी काही नाही. सुरुवात रोज मूठभर देठांनी करा, दर आठवड्याला थोडं वाढवा आणि पाणी भरपूर प्या. एकदम वाढवलंत तर पोट फुगतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

सालं वाळवून, दळून चमचा-चमचा पूड घेण्याच्या फंदात पडू नका. तीव्र केलेले वनस्पतींचे अर्क यकृतालाच इजा करू शकतात. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी ते झालेलं आहे. चहा पिणं वेगळं आणि अर्क गिळणं वेगळं.

काहींनी हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना हिरव्या पाल्यातलं ‘के’ जीवनसत्त्व अडचणीचं ठरतं. पाला एकदम वाढवला किंवा बंद केला की औषधाचा परिणाम बदलतो. मूतखडा झालेल्यांनी बिटाचा पाला आणि पालक जपून खावा. मूत्रपिंड कमकुवत असेल तर भाजीतल्या पोटॅशियमचा हिशेब लागतो. सिरॉसिस (यकृत व्रणांनी भरून निबर होणं) झालेल्यांचा आहार तज्ज्ञानेच ठरवायला हवा. आणि डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, पोटात पाणी साठणं यांपैकी काही असेल तर थेट तपासणीला जा, देठांचा प्रयोग नंतर.